घडीचा चाकू: आधी धार लावा, मग नावं ठेवा

यात्रेतून किंवा आठवडी बाजारातून दोन-तीनशे रुपयांचा घडीचा चाकू आणायचा, त्याच दिवशी त्याने ऊस सोलायचा, चार दिवसांत तो बोथट झाला की "माल हलका निघाला" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकायचा. आमच्या तासगाव भागात प्रत्येक घरात असा एक तरी चाकू पडलेला आहे. बागेच्या कामाला येणारी पोरं मला असे चाकू दाखवतात. दगडावर अर्धा तास दिल्यावर त्यातले बरेचसे उत्तम कापतात. म्हणजे पोलाद ठीकच असतं, पारख चुकीची झालेली असते.

स्वस्त चाकू बनवणारा पैसा वाचवतो तो मुख्यतः हाताच्या कामात. धार घाईत काढलेली असते, सांध्यात घासकामाची भुकटी तशीच राहते, खिळा कमी-जास्त ठोकलेला असतो. ही कामं आपण पुरी केल्याशिवाय चाकू चांगला की वाईट हे सांगताच येत नाही. लोक नेमकी उलटी सुरुवात करतात: आधी कापून बघतात, मग नावं ठेवतात. खालचा क्रम पाळा. एका सुट्टीच्या दिवसात सगळं होतं.

१. दुकानासमोर उभं राहून काय बघायचं

पारंपरिक घडीचे चाकू तीन तऱ्हेचे दिसतात. पहिला नुसत्या खिळ्यावर फिरणारा, ज्यात पातं फक्त घर्षणाने उभं राहतं. दुसरा पाठीत स्प्रिंगची पट्टी असलेला. हाच सगळ्यांत जास्त विकला जातो. तिसरा लाकडी मुठीचा आणि गळ्यात पातं अडकवणारी फिरती कडी असलेला. फ्रान्सच्या सावोय (Savoie) प्रांतातला ओपिनेल हा त्याचा मूळ नमुना. १८९० पासून तो बनतो आणि १९५५ पासून त्याला ही कडी आहे. तिकडे तो शेतकऱ्याच्या खिशातला साधा चाकू, पण आपल्याकडे येईपर्यंत महाग होतो. म्हणून इथे मी मुख्यतः स्प्रिंगच्या चाकूबद्दल लिहितोय. कडीवाल्याचं वेगळं जिथे असेल तिथे सांगतो.

चाकू मिटवा आणि उजेडाकडे धरून मुठीच्या फटीत बघा. पातं मधोमध बसायला हवं. एका बाजूला टेकलेलं असेल तर उघडमीट करताना धार मुठीच्या पत्र्यावर घासते. मग उघडा. पाठीवरून नख फिरवा. पात्याची पाठ आणि स्प्रिंगची पट्टी जिथे मिळतात तिथे नख जोरात अडकलं तर जोडणी ओबडधोबड आहे. किंचित अडकलं तर चालतं. आता मूठ एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पात्याची पाठ डावी-उजवी हलवा. केसभर हालचाल खिळा ठोकून जाते. खुळखुळ्यासारखं हलत असेल तर परत ठेवा.

पात्यावर "स्टेनलेस स्टील" कोरलंय म्हणून काही ठरत नाही. खिशात छोटं लोहचुंबक न्या. इथे एक मोठा गैरसमज आहे. चुंबक चिकटलं की "साधं लोखंड आहे, गंजणार" असं लोक म्हणतात. पण चाकूचं स्टेनलेस हे पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, कडक केलेलं असतं आणि त्यालाही चुंबक चिकटतंच. उलट जे पातं चुंबकाला अजिबात दाद देत नाही ते बहुधा ताट-वाटीच्या जातीचं स्टील असतं. त्याला पाणी देता येत नाही, त्यामुळे धार टिकत नाही. तो चाकू नकोच.

सावधान: बटण दाबून फटकन उघडणारा खटक्याचा चाकू घेऊ नका. शेतीला त्याचा उपयोग नाही आणि पोलिसांपुढे उत्तर देणं अवघड होतं. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख येतो. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. आपल्याला तीन-साडेतीन इंच पुष्कळ झाले. तरीही सण, निवडणूक, मोर्चाच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू-सुऱ्या बाळगण्यावर बंदी असते. त्या दिवसांत चाकू घरी किंवा शेतावर ठेवा.

२. घरी आणल्यावर आधी जमवाजमव

दोन बाजूंचा धारेचा दगड (एक बाजू भरड, एक बारीक), जुना टूथब्रश, भांड्याचा साबण, शिलाई मशीनचं तेल, अर्धं लिंबू, कापसाची वात, काळा मार्कर, साधी शिसपेन्सिल, कमरेचा जुना चामडी पट्टा, वर्तमानपत्र आणि सुतळीचा गुंडा. हे सगळं आधी मांडून ठेवा. धार लावताना मध्येच उठलं की हाताचा कोन बदलतो.

३. धुणं, लिंबू आणि मग तेल

हा क्रम उलटा करू नका. नवीन चाकूच्या सांध्यात कुरुंदाची बारीक भुकटी असते. तिच्यावर तेल सोडलं की घासायची पेस्ट तयार होते आणि प्रत्येक उघडमिटीला सांधा झिजतो. "तेल घातलं तरी खरखर जात नाही" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

कोमट साबणपाण्यात चाकू अर्धा उघडून ब्रशने सांधा घासा. पंधरा-वीस वेळा उघडमीट करा, पुन्हा घासा. पाण्यात काळी रेघ उतरायची थांबली की झालं. लाकडी मूठ असेल तर चाकू पाण्यात बुडवून ठेवू नका, फक्त सांध्याकडचा भाग ओला करा. फडक्याने पुसा आणि उरलेलं पाणी पंख्याखाली वाळू द्या.

आता पातं कोरडं आणि तेल नसलेलं आहे. लिंबाचा एक थेंब पात्यावर, धारेपासून दूर सोडा. दहा मिनिटांनी पुसा. करडा-काळा डाग राहिला तर साधं कार्बन पोलाद, काहीच न उमटलं तर स्टेनलेस. तेल लावल्यावर हीच परीक्षा केली तर डाग पडत नाही आणि साधं पोलाद स्टेनलेस समजून लोक ओलं ठेवतात. दुसऱ्या दिवशी तांबडा गंज.

मग सांध्यात मशीन तेलाचे दोनच थेंब. चाकूने फळं कापायची असतील तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. ते पोटात गेलं तरी चालतं आणि चिकट होत नाही. खोबरेल वापरू नका. साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. डिसेंबरात साताऱ्याकडच्या पहाटे तुमचा चाकू उघडताना नख मोडेल आणि दोष स्प्रिंगला मिळेल. करडईचं तेल तर त्याहून वाईट, ते हवेत सुकून वार्निशसारखं घट्ट होतं.

४. कणकेची परीक्षा

ही परीक्षा मी प्रत्येक चाकूवर करतो आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. चाकू मिटताना धार आत स्प्रिंगच्या पट्टीवर आपटते का, हे बाहेरून दिसत नाही. आपटत असेल तर तुम्ही कितीही छान धार लावा, चार वेळा मिटलं की मधोमध एक बोथट ठिपका पडतो. "धार टिकत नाही" म्हणून टाकून दिलेल्या चाकूंत हा दोष मला वारंवार दिसलाय.

पोळीच्या कणकेची शेवयीएवढी बारीक वळकटी करा. मुठीच्या खाचेत तळाशी लांबीभर दाबून बसवा. चाकू हळू मिटवा, जसा रोज मिटता तसाच. उघडा आणि वळकटी बघा. धारेची रेघ उमटली आणि खाली थोडी कणीक शिल्लक राहिली, तर ठीक. एखाद्या जागी कणीक आरपार कापली जाऊन खालचं धातू चमकलं, तर तिथे धार आपटते.

उपाय सोपा आहे. जुन्या चपलेच्या पातळ चामड्याची अरुंद पट्टी कापून खाचेच्या तळाशी फेविकॉलने चिकटवा. धार चामड्यावर टेकली तरी बिघडत नाही. पुढे दोन-तीनदा धार लावली की पातं किंचित झिजतं आणि अंतर आपोआप वाढतं.

तपासणी: कणीक ब्रशने पूर्ण काढा. राहिलेली कणीक ओल धरते.

आणि आजपासून चाकू स्प्रिंगच्या जोरावर "फट्" करून मिटवू नका. आवाज ऐकायला बरा वाटतो, पण पातं पाठीवर बोट ठेवून शेवटपर्यंत हाताने बसवावं.

५. खिळा

पातं ढिलं असेल तर मिटलेला चाकू लोखंडी ठोकळ्यावर असा ठेवा की खिळ्याचं खालचं डोकं ठोकळ्यावर टेकेल. वरच्या डोक्यावर लहान हातोडीने दोन हलके ठोके द्या, उघडून बघा, पुन्हा एक ठोका. मोठा ठोका एकदाच बसतो आणि मग सांधा जाम. कडीवाल्या लाकडी चाकूवर हा उपाय करू नका, लाकूड चिरेल.

६. धार: इथे घाई केली की सगळं वाया

आधी काय करायचं नाही ते. सायकलला लावलेल्या कोरड्या चाकावर घडीचा चाकू देऊ नका. विळा, कोयता, कात्री यांना ते चाक चालतं, त्यांचं अंग जाड असतं. चाकूचं पातं पातळ, उष्णतेला जायला जागाच नसते. मी एक चांगला चाकू असाच गमावला. बाजारात धार लावून आणला, घरी येऊन बघतो तर टोकाकडे नखाएवढा निळा डाग. पोलाद तापलं की आधी गवती पिवळं, मग तपकिरी, जांभळं आणि साधारण ३०० अंशांना निळं दिसतं. निळं पडलं म्हणजे तिथलं पाणी उतरलं. त्यानंतर त्या टोकाने कधी धार धरली नाही. ओल्या दगडावर हाताने काम करणारा शिकलगार जवळ असेल तर त्याच्याकडे खुशाल द्या. नाहीतर स्वतः शिका, अवघड नाही.

कोन. पात्याच्या प्रत्येक बाजूला साधारण २० अंश हवेत. कोनमापक लागत नाही. पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी पाठ दगडापासून वर उचला, कोन आपोआप विशीच्या आसपास येतो. साधी शिसपेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. तुमचं पातं २ सेंटिमीटर रुंद असेल तर धार दगडावर टेकवून पाठ पेन्सिलीवर ठेवा, डोळ्यांनी कोन नीट बघून घ्या, मनगट तिथेच स्थिर करा आणि पेन्सिल काढून घ्या. पातं अरुंद असेल तर तितकं कमी उचला.

मार्कर. धारेच्या उतारावर, म्हणजे कडेलगतच्या तिरक्या पट्टीवर, दोन्ही बाजूंना काळा मार्कर फिरवा. दगडावर दोन हात मारून बघा. शाई फक्त पाठीकडच्या काठाची गेली तर तुम्ही पातं फार आडवं धरलंय. फक्त अगदी धारेच्या कडेची गेली तर फार उभं. पूर्ण उतारावरची गेली तर कोन जमला. पहिल्या दिवशी हे पाच-सहा वेळा करावं लागतं, कंटाळू नका.

भरड बाजू. दगडाखाली ओलं पोतं घाला म्हणजे सरकणार नाही. दगडावर साबणाच्या पाण्याचे थेंब टाका. खाद्यतेल टाकू नका, दगडाची छिद्रं बुजतात आणि मग तो पोलाद खात नाही, नुसता घसरतो. टाचेपासून (पात्याच्या मुठीकडच्या भागापासून) टोकापर्यंत एका बाजूला सलग हात मारा. पातं जिथे टोकाकडे वळतं तिथे मूठ किंचित वर उचला, नाहीतर टोक बोथट राहतं.

थांबायचं कधी? वर्कशॉपात ज्याला बर म्हणतात, तो धातूचा केसासारखा काटा दुसऱ्या बाजूला उभा राहिला की. तो डोळ्यांना क्वचितच दिसतो. कापसाची वात पाठीकडून धारेकडे अलगद ओढा. बर असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे तंतू अडकले पाहिजेत. मधली दोन बोटं जागा तंतूविना सुटली तर तिथे धार अजून आलेलीच नाही.

बहुतेकांची चूक इथेच होते. दहा हात या बाजूला, दहा त्या बाजूला, असं मोजून करतात आणि बर उठायच्या आत बाजू बदलतात. दोन्ही उतार एकमेकांना भेटतच नाहीत. कारखान्याची धार फारच बोथट असेल तर पहिल्या बाजूलाच पंधरा मिनिटं लागतात. लागू द्या. पूर्ण बर आली की मगच बाजू पलटा आणि तिकडून पुन्हा पहिल्या बाजूला बर आणा.

बारीक बाजू. दगड धुवा, पातंही धुवा. भरड कण बारीक बाजूवर आले की चरे पडतात. आता दाब कमी, कुकरच्या शिट्टीच्या वजनाएवढाच. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा, मग पाच-पाच, तीन-तीन आणि शेवटी एक-एक हात. यात बर लहान होत जाते.

पट्टा. चामडी पट्ट्याची खरबरीत बाजू टेबलावर ताणून ठेवा. पातं पाठीच्या दिशेने ओढा, धारेच्या दिशेने कधीच नाही, नाहीतर पट्टा कापला जाईल. प्रत्येक बाजूला पंधरा ओढी.

तपासणी: वात पुन्हा फिरवा, एकही तंतू अडकता कामा नये. वर्तमानपत्राचं पान हातात लोंबतं धरून कापा. टाचेपासून टोकापर्यंत सर्‌कन गेलं तर धार तयार. एखाद्या जागी कागद फाटला तर ती जागा मार्करने खूण करून बारीक बाजूवर पुन्हा घ्या. अंगठा धारेवरून लांबीच्या दिशेने ओढून बघू नका.

७. आता परीक्षा: सुतळी

टोमॅटो कापला, कागद कापला, यावरून धार कळते. ती टिकते का, हे कळायला घासणारी वस्तू लागते. तागाची सुतळी यासाठी उत्तम, तिच्यात बारीक माती असते आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांसोबत ती हवी तितकी मिळते. घरातला रोजचा स्वयंपाकाचा चाकू त्याच दगडावर, त्याच कोनात धार लावून शेजारी ठेवा. तुलनेला तो.

लाकडी पाटावर सुतळी ठेवा, एकाच जोराने, ओढून कापा. दाबून नाही. दर वीस कापांनंतर कागद कापून बघा. दोन्ही चाकूंपैकी कोणाचा कागद आधी फाटतो ते वहीत लिहा. मग धार खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघा. इथे पोलाद स्वतः बोलतं.

धार एका बाजूला वळून चमकत असेल तर पोलाद मऊ आहे, पाणी कमी बसलंय. पट्ट्यावर दहा ओढी देऊन पुन्हा कागद कापा. कापला तर चाकू वापरण्याजोगा आहे, फक्त त्याला पट्टा वरचेवर लागेल.

धारेला बारीक टवके गेले असतील तर पाणी जास्त झालंय किंवा कोन फार बारीक झालाय. पाठ थोडी जास्त उचलून, पंचवीस अंशांच्या आसपास, पुन्हा धार लावा. बऱ्याचदा टवके थांबतात.

धार नुसती सारखी झिजलेली असेल, वळली नसेल, तुटली नसेल, तर चाकू चांगला लागला.

आणि हे एक फार महत्त्वाचं: पहिल्या धारेवर अंतिम निकाल देऊ नका. कारखान्यात घाईने घासताना धारेचा अगदी कडेचा भाग तापून मऊ झालेला असू शकतो. दोन-तीन वेळा धार लावून तो भाग निघून गेला की खालचं मूळ पोलाद लागतं. पहिल्या आठवड्यात रडवलेला चाकू महिनाभरात सुधारलेला मी पाहिलाय. तिसऱ्या धारेनंतरही सुतळीपुढे घरच्या चाकूच्या निम्म्यावर थकत असेल, तर मात्र तो पोती उसवायला ठेवा.

८. कशाबद्दल नावं ठेवायची, कशाबद्दल नाही

मुठीचं पॉलिश, खिळ्याचं पितळ, पात्यावरच्या घासकामाच्या रेघा यांना मी गुण कापत नाही. दोन-तीनशे रुपयांत तेवढी सूट द्यावीच. कमकुवत स्प्रिंगला मात्र सूट नाही. उघडा चाकू धरून पाठीवर तर्जनीने दाबलं आणि पातं सहज मिटायला लागलं, तर तो बोट कापणारच.

सावधान: स्प्रिंग म्हणजे कुलूप नव्हे. टोकाने भोक पाडणं, नारळ फोडणं, डबा उचकटणं या कामांना हा चाकू नाही. जोर आला की पातं बोटांवर मिटतं. कडीवाल्या चाकूतसुद्धा कडी फिरवून लावली असेल तरच भरवसा, आणि ती लावायला लोक विसरतात.

द्राक्षाचं पाचर कलम भरायलाही हा चाकू धरू नका. तिथे काप एकदम सपाट आणि एका ओढीत यावा लागतो. दोन्ही बाजूंनी उतार असलेलं, सांध्यात किंचित हलणारं पातं डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटावर लाटा पाडतं आणि जोड नीट बसत नाही. त्याला कलमाचा चाकू वेगळा.

९. रोजची निगा

काम झालं की पुसून, कोरडा करून मिटवा. ओला मिटवलेला चाकू आतून गंजतो. कार्बन पोलादावर कैरी, कांदा कापून जो काळसर-निळसर रंग चढतो, तो घासून काढू नका, तो गंजाला थोडाफार अडवतो. तांबडी पूड दिसली तरच तेलाच्या बोळ्याने लगेच काढा.

आटपाडीकडे डाळिंबात तेल्या रोगाच्या भीतीने अवजारं सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात. ते करावंच, पण ते द्रावण पोलादाला खड्डे पाडतं. दिवसाचं काम संपल्यावर साध्या पाण्याने धुवून, पुसून तेल लावा.

लाकडी मुठीचा चाकू पाटण-महाबळेश्वरच्या पावसात फुगतो आणि उघडेनासा होतो. ओढाताण करू नका, पकड लावू नका. चाकू घरात, वाऱ्याच्या जागी दोन-तीन दिवस ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला तर बाहेरचं लाकूड आधी आकसतं आणि मूठ खिळ्यापाशी चिरते. सुटल्यावर खाचेत आणि सांध्याच्या लाकडाला लिक्विड पॅराफिनचा पातळ हात द्या, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी जास्तीचं पुसून घ्या.